खडू लागला की फॉल्ट

पहिली लाल चौकट उमटली तेव्हा मागावरचं कापड तपासून घडी घालणाऱ्या फोल्डिंग खात्यातल्या बायका जेवायला बसल्या होत्या. चेकिंगच्या टेबलावरून मी कापड हळूहळू ओढत होते. वर लोखंडी नळीला बांधलेला कॅमेरा खाली बघत होता आणि शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेच कापड सरकत होतं. मध्येच एक तुटलेली तार, म्हणजे कापडातला उभा धागा, आली. मी बोट दाखवलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. पडद्यावर त्या तुटलेल्या तारेभोवती आपोआप लाल चौकट उभी राहिली, कापडाबरोबर थोडी सरकली आणि कडेला जाऊन नाहीशी झाली.

सुगंधाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"ह्याला कुणी सांगितलं गं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. त्याचं त्याला कळलं," मी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

मी आणखी कापड ओढलं. तेलाचा डाग आला, चौकट उमटली. धाग्यांचं जाळं झालेली जागा आली, पुन्हा चौकट. बायका डबे उघडे टाकून टेबलाभोवती जमल्या. माझी सासू गौराक्का ही या खात्यातली सगळ्यात जुनी चेकर. आमच्या इचलकरंजीत सासूला आत्ती म्हणतात. आत्ती हात धुऊन, पदराला पुसत आली आणि पडद्यापाशी नाक टेकेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली. एरवी माझ्या प्रत्येक कामात काहीतरी खोट काढणारी ही बाई तेव्हा नुसती बघत राहिली.

कुणीतरी कारखान्याचे मालक मगदूमअण्णांना बोलावून आणलं. अण्णा म्हणजे दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा न खर्चणारा माणूस. त्यांनी चार-पाच चौकटी बघितल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं. मग मात्र सढळ हातानं शब्द खर्चले.

"बेस्तरवारी मुंबईचं गिऱ्हाईक येतंय, परीख," ते म्हणाले. "त्याच्यासमोर चालवून दाखव. चाललं तर हे काम तुझं, कायमचं. न्हाई चाललं तर पुण्याची कंपनी कॅमेरे बसवून देती म्हणतीय. माणूसबी त्यांचाच."

म्हणजे घोडामैदान जवळच होतं. सोमवार चालू होता, गुरुवारला तीनच दिवस.

हा प्रकार माझ्या डोक्यात शिरला कसा, ते सांगायला हवं. मी बी.कॉम. झालेली. लग्नानंतर एका दुकानात टायपिंग करायचे. अर्ज, बायोडाटा, कोर्टाची कागदपत्रं, लोकांची नाना दुखणी मी टाइप केली. मग लोक मोबाईलवर बोलून स्वतःच अर्ज तयार करायला लागले. मोबाईल तर शुद्धलेखनही सुधारून द्यायचा. दुकान बंद पडलं आणि मी घरी बसले. नवरा श्रीकांत टेम्पो चालवायचा, त्याला आज भाडं तर उद्या नाही. घर खऱ्या अर्थानं चालत होतं ते आत्तीच्या पगारावर. बाजारात कुणी "काय करतेस हल्ली?" असं विचारलं की मी भाजी बघायला लागायचे.

अशात एके दिवशी आत्तीनंच बातमी आणली की वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी एआयचा वर्ग निघालाय, फुकट. मला नवल वाटलं. मी मोबाईल हातात घेतला की जिचं तोंड सुटायचं, ती मला मोबाईल शिकायला पाठवत होती. मी म्हटलं, ज्यानं माझं टायपिंग खाल्लं तेच शिकायला जाऊ? आत्ती म्हणाली, काट्यानं काटा काढावा, जा. आणि नुसती म्हणून थांबली नाही, पहिल्या दिवशी मला जिन्यापर्यंत सोडून आली.

शिकवायला तबस्सुम मुजावर होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. पुण्यात नोकरी करून लग्नानंतर गावी परतलेल्या. आधी त्यांनी आम्हाला एआयकडून पत्रं लिहून घ्यायला शिकवलं, हिशेबाचे तक्ते करायला शिकवलं. मग एके दिवशी वही मिटायला लावली. म्हणाल्या, सर्टिफिकेट भिंतीला लागतं, काम पोटाला लागतं. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत जो उद्योग चालतो त्यात हे कुठं बसतं ते शोधून आणा. एकीनं नवऱ्याच्या बेकरीसाठी काही केलं, एकीनं शिकवणीच्या पोरांसाठी. माझ्या घरात होतं कापड. कोऱ्या कापडातला फॉल्ट डोळ्यांनी शोधायचा, हेच काम आत्ती जन्मभर करत आलेली. मी विचारलं, यंत्राला फॉल्ट दिसेल का? मॅडम म्हणाल्या, फोटो दाखवा. प्रत्येक फोटोत फॉल्टभोवती चौकट काढून द्या. पुरेसे फोटो झाले की ते स्वतः बघायला लागेल.

मला ते पटलं नव्हतं. तरीही मी अण्णांची परवानगी काढली आणि रोज फोल्डिंग खात्यात जायला लागले. आत्ती, सुगंधा आणि बाकीच्या बायका फॉल्ट दाखवायच्या, मी मोबाईलवर फोटो घ्यायचे आणि घरी जाऊन चौकटी काढायचे. आमच्या गल्लीत चर्चा झाली की म्हेत्र्यांची सून माणसांचे सोडून चिंध्यांचे फोटो काढते. काढले. इतके काढले की डोळे मिटले तरी मला तुटक्या तारा दिसायच्या. कॅमेरा आणि जुना कॉम्प्युटर मॅडमनी मिळवून दिला. मग त्या सोमवारी ती चौकट उमटली, आणि बायकांनी तोंडात बोटं घातली. मीही घातली.

मंगळवारी सकाळी मी सराव म्हणून दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या कापडाच्या ताक्यांतला एक टेबलावर चढवला. चौकटी पटापट उमटत होत्या. समोरून आत्ती टेबलावर वाकली आणि कापडाची सुरकुती काढायला तिनं हात पुढं केला. पडद्यावर तिच्या बोटांभोवती लाल चौकट आली.

सुगंधा आधी हसली. मग सगळ्याच. "गौराक्कातच फॉल्ट हाय म्हणतंय गं ते," कुणीतरी म्हणालं, आणि खातंभर हशा पिकला. आत्तीसुद्धा हसली. तिनं हात मागं घेतला, चौकट गेली. गंमत म्हणून पुन्हा पुढं केला, पुन्हा चौकट.

मी हसत होते आणि हसता हसता माझं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. बोटं निळ्या खडूनं माखली होती.

फोल्डिंग खात्याचा एक जुना रिवाज आहे. फॉल्ट सापडला की आधी त्याच्याभोवती निळ्या खडूनं गोल काढायचा आणि मगच दुसऱ्याला दाखवायचा. खडू लागला की फॉल्ट, नाहीतर नाही. कारण चेकरनं दाखवला आणि दुरुस्तीवालीला सापडला नाही की भांडण. म्हणून बोटाआधी खडू. या बायकांचा हात इतका बसलेला की आपण खडू ओढतो हे त्यांना कळायचंही नाही, आणि बघून बघून मलाही तो गोल दिसेनासा झाला होता. माझ्या एकूण एक फोटोत तो होता. मी काढलेल्या प्रत्येक चौकटीच्या आत होता.

मी फडकं ओलं करून एका मोठ्या, आंधळ्यालाही दिसेल अशा जाळ्याभोवतीचा खडू घासून काढला आणि कापड कॅमेऱ्याखालून ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. मग चांगल्या, निर्मळ कापडावर खडूनं एक गोल काढला. लाल चौकट.

म्हणजे त्यानं कापडाकडं कधी बघितलंच नव्हतं. इतके दिवस ते माझ्या सासूचा खडू शोधत होतं.

मी स्टुलावर बसले. हसू हळूहळू थांबलं. मी त्यांना काय झालं ते सांगितलं तेव्हा सुगंधा म्हणाली, त्यात काय, परीखला काय ठाऊक, खडूचेच ताके लाव त्याच्यासमोर. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर ते बरं वाटलं. आत्तीनं मात्र एवढंच विचारलं की बेस्तरवारी परीख जाईल, शुक्रवारपासून त्या आंधळ्याशेजारी बसून तू काय करणार?

मी बाहेर जाऊन तबस्सुम मॅडमना फोन लावला. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या फोनवर हसल्या. चांगलं हसल्या. म्हणाल्या, मोठमोठ्या कंपन्यांत, मोठ्या पगाराच्या लोकांकडून हे होतं, आणि त्यांना ते कळायला महिने लागतात. यंत्राचा दोष नाही. तुम्ही जे दाखवलं त्यातलं सगळ्यात सोपं त्यानं उचललं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"खडू नसलेले फॉल्ट दाखवा. आणि फॉल्ट नसलेला खडूही दाखवा, म्हणजे खडू काही नव्हे हे त्याला समजेल. दोन दिवसांत जमेल तेवढं करा."

दोन दिवस बिनखडूचं खातं चालवायचं, असं आत्तीनं जाहीर केलं. तिचा शब्द खात्यात अण्णांच्या शब्दाच्या खालोखाल होता, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. पण हात ऐकतो थोडाच? खडू काढून घेतला तर बायका रिकाम्या बोटांनी गोल काढायला लागल्या. सुगंधानं तर सवयीनं कुंकवाच्या बोटानंच एक गोल काढून ठेवला. शेवटी आत्तीनं आपली उजवी बोटं रुमालात गुंडाळून घेतली आणि सगळ्यांना तसंच करायला लावलं. दिसला फॉल्ट की ओरडायचं. "वैजू, हितं!" "वैजू, आलीस का?" मागांच्या खटखटाटात त्या माझ्या नावानं हाका मारायच्या आणि मी मोबाईल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळायचे. मंगळवार गेला, बुधवार आला. श्रीकांत भाडं सोडून येऊन बसला आणि त्यानं घरी कधी न केलेलं काम केलं, म्हणजे मी सांगेन ते ऐकलं. तो कोऱ्या कापडावर खडूचे गोल काढत होता, रेघा मारत होता, मी त्यांचे फोटो घेत होते. मधल्या वेळात मॅडम स्वतः येऊन कॉम्प्युटरवर बसल्या आणि आलेले फोटो त्याला शिकवत राहिल्या.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या नजरेत आली, पण डोक्यात शिरली नाही. बाकीच्या बायका लांबून फॉल्ट ओळखून हाक मारायच्या. आत्ती आधी तळहात कापडावरून फिरवायची. तार तुटलेली, धागा जाड आलेला, जाळं झालेलं, ते तिच्या तळव्याला लागायचं आणि मग ती हाक मारायची. आडव्या धाग्याचा रंग किंचित बदलून पट्टा पडतो, तो फॉल्ट तिनं एकही दाखवला नाही. ते सगळे सुगंधाकडून आले. मला वाटलं, तिच्या टेबलावर पट्टे आलेच नसतील.

बुधवारी संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला नुकतंच मागावरून उतरलेलं, कुणाचाही हात न लागलेलं कापड आम्ही चढवलं. मी ओढायला घेतलं. बराच वेळ नुसतं पांढरं सरकत राहिलं. मग, मला दिसण्याच्या आधी, पडद्यावर चौकट आली. मी हात थांबवला. चौकटीत एक तार तुटली होती, केसाएवढी. खडू नव्हता, बोट नव्हतं, कुणाची हाक नव्हती.

सोमवारी मला जादू बघितल्यासारखं वाटलं होतं. बुधवारचं वेगळं होतं. या एका चौकटीत किती हात गेले हे आता मला ठाऊक होतं, आणि तरीही ते हात जिथं पोचले नव्हते तिथं यंत्र आपलं आपण पोचलं होतं. मला रडू आलं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्तीनं रुमाल सोडून बोटं मोकळी केली आणि म्हणाली, चल, उद्याचं पीठ मळायचंय.

परीखभाई बेस्तरवारी सकाळी आले. पांढरा शर्ट, हातात छोटी पिशवी, चेहऱ्यावर नवल नावाची गोष्ट नाही. आम्ही बिनखडूचा ताका चालवला. तुटक्या तारा, डाग, जाळी, एकेक करून चौकटीत आली. आत्ती शेजारी उभी राहून प्रत्येकावर हात फिरवत "बरोबर" म्हणत होती. अण्णांचा चेहरा खुलत होता. परीखभाई मात्र नुसतीच मान हलवत होते.

मग ते म्हणाले, "खराब माल तर कुणी पण पकडेल. तुम्ही पास केलेला माल चालवा. शिक्का मारलेला."

अण्णांनी पास मालाच्या ढिगातला वरचा ताका उचलायला सांगितला. त्यावर आत्तीचा शिक्का होता. चेकरचा शिक्का म्हणजे तिची अब्रू. इतक्या वर्षांत तिचा शिक्का असलेला ताका मुंबईहून परत आला नव्हता, हे अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

मी ओढायला घेतलं. कापड निर्मळ होतं. सरकत राहिलं, सरकत राहिलं. अर्धा ताका झाला असेल. आणि पडद्यावर कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लांबच्या लांब चौकट आली.

मी हात थांबवला. सगळे खाली वाकून बघायला लागले. तिथं काही नव्हतं. आत्तीनं तळहात फिरवला, उलटा फिरवला, बोटांची टोकं फिरवली.

"माझ्या हाताला तर काय लागत न्हाई," ती म्हणाली.

"आक्कांचा शिक्का आहे," अण्णा परीखभाईंना म्हणाले. आणि मग माझ्याकडं बघून, "मशीन चुकलं काय गं?"

मशीन चुकलं म्हणाले तर हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. न दिसणारा फॉल्ट दाखवणारं यंत्र कोण ठेवून घेईल? आणि मशीन बरोबर म्हणाले तर माझ्या सासूची अब्रू तिच्याच खात्यात, गिऱ्हाइकासमोर मी मातीत घालणार. मला तर दोन्हीतलं खरं काय तेच ठाऊक नव्हतं.

"वैजू," आत्ती म्हणाली, "भाईर उन्हात ने आन बघ."

"आत्ती, तुम्ही शिक्का मारलाय."

"मारलाय म्हणूनच म्हणतीय."

मी आणि सुगंधानं कापड दोन बाजूंनी धरून अंगणात आणलं. सगळे मागोमाग आले. ऊन कडक होतं. कापड उभं धरलं, डोळे बारीक केले. आधी काहीच नाही. मग कापड थोडं तिरकं झालं आणि मला तो दिसला. बोटभर रुंदीचा आडवा पट्टा, बाकीच्या पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर. कुठल्यातरी वेगळ्या सुताची कांडी मागाला लागली असणार. सुगंधानंही तो बघितला, हे मला तिच्या मान खाली घालण्यावरून कळलं.

मी आत्तीकडं बघितलं. ती कापडाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"दिसतंय ते बोल," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई."

"पट्टा आहे," मी म्हणाले.

आत्तीनं डोक्यावरून घसरलेला पदर हातात धरला आणि अण्णांकडं वळून सरळ सांगितलं, "मालक, नुसत्या त्या पट्ट्याचं म्हणत न्हाई मी. मला बारीक कायबी दिसत न्हाई. दिवाळीपासनं. जाडं हाताला लागतं, तेवढ्यावर चाललंय. माझा शिक्का असलेला माल एकदा पुन्हा बघून घ्या."

परीखभाई कापडाच्या त्या पट्ट्यावर अगदी जवळ वाकले. या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी सांगितलं की इतका पुसट पट्टा कोऱ्या कापडात सहसा कुणाला दिसत नाही. रंगवलं की दिसतो, आणि तेव्हा माल कापून झालेला असतो, शिवून झालेला असतो. मग त्यांनी कापड आमच्या हातातून घेतलं, स्वतः उन्हात धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. आत येऊन कॅमेऱ्यासमोर थांबले. हळू आवाजात मला विचारलं, "ह्याला हे तुम्ही शिकवलं?"

"आम्ही सगळ्यांनी," मी म्हणाले.

अण्णांनी दोन शब्द खर्चले. "सोमवारपासून ये." मग आत्तीकडं बघून आणखी चार. "आधी डोळे दाखवा, आक्का."

घरी चालत निघालो तेव्हा मला नोकरी लागली होती आणि आनंद करावा की काय करावं ते कळत नव्हतं. आत्ती नेहमीपेक्षा हळू चालत होती. रस्त्याच्या कडेचा गटाराचा कठडा तिनं पायानं चाचपला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे ती कितीतरी दिवस करत होती.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला? तुला? तू नवऱ्याला सांगितलं असतंस, त्यानं मला घरी बसवलं असतं. मग खायचं काय, त्याच्या टेम्पोचं टायर?"

"दवाखान्यात तरी जायचं."

"गेले की. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू हाय, ऑपरेशन कर. ऑपरेशन म्हणजे रजा. आन रजेत पगार न्हाई. तेवढ्यात त्या वर्गाचं कळलं. म्हटलं, ही शिकून उभी ऱ्हाईस्तोवर रेटू."

मी रस्त्यातच थांबले. मला वाटत होतं, मी कॅमेऱ्याला शिकवत होते आणि ती मदत करत होती. जिन्यापर्यंत सोडायला येणं, खात्याला बिनखडूचं करणं, उन्हात ने म्हणणं, सगळ्याचा मला आता अर्थ लागत गेला. ती मला तिच्या जागी बसवत होती. आणि जागा रिकामी व्हायला ती स्वतःच उठली पाहिजे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"चल की," आत्ती म्हणाली. "का तुझंबी डोळं गेलं?"

तिचं ऑपरेशन मिरजेला झालं, माझा पहिला पगार झाल्यावर. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी निघाली तेव्हा ती श्रीकांतकडं बघून म्हणाली, तू वाळलास रे, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, तू न्हाई. काळा चष्मा सुटायच्या आत तिनं हट्ट धरला की खात्यात जायचंय. आम्हाला वाटलं, बायकांना भेटायचं असेल.

बायका भेटल्या, रडल्या, हसल्या. ती सगळ्यांना पुरती भेटली नाही, सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. मी कापड चालू केलं. पडद्यावर ते मोठं होऊन दिसतं, एकेक उभा धागा, एकेक आडवा धागा, एकाखालून दुसरा. जन्मभर तिनं कापड बघितलं होतं, पण असं नव्हतं बघितलं. ती इतकी शांत बसली होती की सुगंधानं मला खुणेनं विचारलं, बरी आहे ना?

मग एक चौकट आली. मी कापड थांबवलं. आत्तीनं चष्मा काढला, पडद्यावर बघितलं, उठून टेबलावर वाकून कापडावर बघितलं, पुन्हा पडद्यावर बघितलं. तिला तो फॉल्ट शोधायला वेळ लागला. सापडला तेव्हा ती सरळ उभी राहिली.

"माझं डोळं धड असतं तरी हा माझ्याकडनं सुटला असता," ती म्हणाली, आणि देवळाच्या उंबऱ्यावर घेतात तसा तिनं पदर डोक्यावरून सारखा करून घेतला.